उजवा अर्धा

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझा हात कचऱ्याच्या डब्याकडे गेला असेल, मला ठाऊक आहे. थांब जरा. तीन वर्षांत मी फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास, आणि नाक काय तुला एकटीलाच आहे असं नाही. आजही माफी मागायला लिहीत नाहीये. एक माहिती हवी आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडेच नाही.

बाबा करवत कुठल्या हातात धरायचे?

हसू नकोस, मला खरंच माहीत नाही. मी वर्कशॉपच्या दारात पाय टाकला की भुशाने शिंका सुरू व्हायच्या आणि बाबा मला आल्यापावली परत पाठवायचे. मला माहीत असलेले बाबा म्हणजे घरातले बाबा. उजव्या हाताने जेवणारे, उजव्या हाताने सही करणारे. तू मात्र सहा वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून लाकूड कापलंयस.

आता का विचारते ते ऐक. माझं काम तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. 'आमची धाकटी मेंदूचे काप करते' एवढं सांगून तू पाहुण्यांचं जेवण मात्र खराब करायचीस. लोकांनी मरणोत्तर दान केलेले मेंदू आम्ही जपून ठेवतो आणि त्यांच्या पातळ कापांवरून आजार शोधतो. आमचा विभाग भाषा जाणाऱ्यांचा. वरून सगळे सारखेच दिसतात, बोलता न येणारे. पण कुणाला शब्दाचा अर्थच आठवत नाही, कुणाला अर्थ ठाऊक असतो पण शब्द सापडत नाही, आणि कुणाला सगळं कळत असतं, फक्त वाक्य जुळवून तोंडातून बाहेर काढता येत नाही. आत साठलेलं खराब प्रथिन बहुतेकदा प्रत्येकाचं वेगळं. वर कुठली तक्रार आणि खाली कुठलं प्रथिन याची जोडी लागली, की जिवंत माणसाच्या नुसत्या बोलण्यावरून डॉक्टरला सांगता येईल आत काय चाललंय ते. यासाठी मी दिवसभर मान मोडून बसते.

बाबांचा मेंदू आमच्याकडे आला तेव्हा गावच्या हॉस्पिटलमध्येच त्याचे दोन भाग झाले होते. भाषा डावीकडे असते, म्हणून आम्ही डावा अर्धा तपासला. उजवा थेट फ्रीजरमध्ये गेला. अहवाल आला: डावीकडे किरकोळ बदल, भाषा जाण्याइतके नाहीत. त्याची प्रत मीच तुला पाठवली. तू फोनवर म्हणालीस, "म्हणजे त्यांना बोलता येत होतं. माझ्याशीच बोलायचं नव्हतं." आणि ठेवून दिलास.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका बाईंचा मेंदू आला. डावखुऱ्या होत्या आणि सगळं बिघडलेलं उजवीकडे. अशी भाषा उजवीकडे असणारी माणसं थोडी, पण असतात. माझ्या हातातलं ब्लेड तिथेच थांबलं. कारण बाबांच्या फॉर्मवर 'हात' या रकान्यात 'उजवा' अशी खूण मी केली होती. सही करताना बघितलं आणि केली. आणि मग आठवलं, एकदा मांजराला त्यांनी चप्पल फेकून मारली होती ती डाव्या हाताने. नेम अजिबात चुकला नव्हता.

माझ्याकडे पुरावा म्हणून एवढी एक चप्पल आहे. कळव.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनंतर दोन ओळी! पण काय ओळी आहेत. 'वाइस टेबलाच्या कुठल्या टोकाला आहे ते बघ. आणि चप्पल मांजराला नाही, मला मारली होती.' मी बसस्टॉपवर उभी राहून एवढी हसले की शेजारचा माणूस दोन पावलं बाजूला सरकला.

रविवारी घरी गेले. बाबांच्या कामाच्या टेबलावर आईने लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, जुने पंखे, तुझ्या शाळेच्या वह्या, असा डोंगर रचलाय. तो उपसला. शिंकून शिंकून जीव गेला. लाकूड पकडणारा तो लोखंडी जबडा टेबलाच्या उजव्या टोकाला आहे. यात काय विशेष ते मला कळेना, म्हणून फोटो काढून आमच्या हॉस्पिटलच्या सुताराला दाखवला. तो बघताक्षणी म्हणाला, "हे डावखुऱ्याचं टेबल. आपल्यासारख्यांना वाइस डावीकडे लागतो. या टेबलावर मला काम सांगितलंत तर मी बोटं कापून घेईन."

मग आईला विचारलं. आई म्हणाली, "हो, डावखुरेच होते. शाळेत मास्तर डावा हात पट्टीने फोडायचे, म्हणून लिहायला-जेवायला उजवा शिकले. बाकी सगळं डाव्याने."

"अगं आई, मग हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

मी हात टेकले. सांग, या घरात आजार सापडायचा कसा?

दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंकडे गेले. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर. काप चिकटवलेली काच बघून निदान त्या करतात, मी फक्त कापते. नाकावर माशी बसू देत नाहीत. सगळं ऐकून म्हणाल्या, "फ्रीजरमधला तुकडा एकदा वितळला की परत गोठवता येत नाही. पुढे कुणाला काही शोधायचं असेल तर तो गेला. घरचा मेंदू आहे म्हणून हळवी झालीस तू."

मी म्हटलं, "झाले, बाई. पण वाइस तर हळवा झाला नाही ना?"

बाई उठल्या. कपाटातून बाबांची फाइल काढली. त्यात आमच्या वाचावाल्यांचं टिपण होतं. वाचावाले म्हणजे रुग्णांच्या बोलण्याची चाचणी घेतात ते. बाबा जायच्या आदल्या वर्षी ते त्यांना दोनदा भेटले होते. त्यांनी लिहिलं होतं: 'अर्थ समजतो. वाक्य तुटतं, उच्चार अडखळतो. हो-नाही उलट होतं. टाऊ नावाचं प्रथिन निघेल.' पहिल्या अहवालात तसलं काही फारसं निघालं नाही तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांची भरपूर टर उडवली होती. मीही. ते बिचारे तेव्हापासून पैजा लावेनासे झालेत.

बाईंनी परवानगी दिली. दोन अटी घातल्या. कपाळामागचे, कानाच्या वरचे फक्त चार तुकडे वितळवायचे. आणि तयार झालेल्या काचा दुसऱ्या पाच जणांच्या काचांमध्ये मिसळून, नंबर बदलून त्यांच्यापुढे ठेवायच्या. कोण कुणाचा हे त्यांना कळता कामा नये. "मला तुझ्या बाबांची दया यायला नको," म्हणाल्या.

चार तुकडे, ताई. त्यातून काही निघालं नाही, तर तू म्हणालीस तेच कायमचं खरं ठरणार. म्हणून आधीच सांगून ठेवते, जे निघेल ते तुला कळवीन.

धाकटी

२६ फेब्रुवारी

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस, तरी लिहिते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि आईला सांगितलं तर ती मला जेवलीस का विचारते.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून बाबांचा डबा काढला. तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही. चारही तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकले, दहा दिवस मुरवले, मग मेणात बसवले. गोठून वितळलेला मेंदू म्हणजे माझ्या धंद्यात शिक्षाच. आत बर्फाच्या कणांनी भोकं पाडलेली असतात. यंत्राचं पातं लागलं की भुगा.

पहिला तुकडा भुगा. दुसऱ्याचे अर्धे काप बरे आले आणि पाण्यावर सोडले तर तिथे विरघळल्यासारखे पसरले. तिसऱ्याच्या वेळी मी नवं पातं लावलं, देवाचं नाव घेतलं, आणि तोही गेला. बाई मागून म्हणाल्या, "एक उरला." जसं काही मला मोजता येत नाही!

मी उठले. बाहेर जाऊन चहा प्यायले. आणि चहा पिताना तू आठवलीस. तुला पहिल्यांदा रंधा मारायला दिला तेव्हा तू लाकूड फाडून ठेवलं होतंस आणि घरी येऊन रडली होतीस. बाबा तुला म्हणाले होते, "जोर लावू नको. लाकूड कुठे जायचं म्हणतंय ते बघ, तिकडे जा." मी तेव्हा स्वयंपाकघरात पाढे पाठ करत होते. माझ्यासाठी नव्हतंच ते बोलणं, पण ऐकलं मीच.

परत आले. मेणाचा ठोकळा बर्फावर जरा जास्त वेळ ठेवला. पात्याचा कोन बदलला. प्रत्येक कापाआधी ठोकळ्यावर एकदा तोंडाने हलकी फुंकर मारली, तेवढ्या उबेने मेण मऊ पडतं. पुस्तकात हे नाही. यंत्राची मूठ इतकी हळू फिरवली की वाचावाले दारातून विचारून गेले, यंत्र बंद पडलंय का.

आणि निघालं गं! रंध्यातून निघतं तसं लांब, न तुटणारं सालपट. एका मागून एक अकरा काप, एकही भोक वाढलेलं नाही. कोमट पाण्यावर सोडले तर चादर अंथरावी तसे सपाट पसरले. आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलेलं नाही. मी ओरडलेच. सगळा विभाग धावत आला, त्यांना वाटलं बोट कापलं.

आता काचांवर टाऊचा रंग चढवायचा, नंबर बदलायचे, वाट बघायची.

धाकटी

११ मार्च

ताई, ताई, ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

आज सकाळी बाई काचा बघायला बसल्या. सहा जणांचे ट्रे, नुसते नंबर. मी समोर उभी, हात पाठीमागे बांधून, शाळेत फळ्यापुढे उभं करतात तशी. पहिला बघितला, लिहिलं. दुसरा, लिहिलं. तिसरा, चौथा. बाई बोलत नाहीत कधी, नुसतं लिहितात. पाचव्याला त्यांनी काच सरकवली, परत मागे आणली, चष्मा काढून पुसला.

"हा कोण आहे?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, सांगायचं नाही ठरलंय."

"सांगू नकोस. मीच सांगते. ठासून भरलाय टाऊ. याचं बोलणं तुटलं असणार. एकेक शब्द ओढून काढावा लागत असणार. आणि जागा बघता हो-नाहीचा घोळ होत असेल तर मला नवल वाटणार नाही. पण हा वेडा नव्हता हं. याला सगळं कळत होतं."

मी यादीचा कागद उलटा ठेवला होता तो सरळ केला. पाचवा नंबर. बाबा.

मी नुसतं बोट ठेवलं. बाईंनी वाचलं, आणि नाकावर माशी बसू न देणारी ती बाई उठली आणि तिने मला धरलं. वाचावाले आत आले, कागद बघितला आणि दोन्ही हात वर करून खोलीभर नाचले. साठीचा माणूस! "मी म्हटलं होतं! पाच वर्षांपूर्वी म्हटलं होतं!" मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. टर उडवल्याबद्दल आम्ही सगळ्यांनी त्यांची रीतसर माफी मागितली आणि त्यांनी ती अजिबात आढेवेढे न घेता स्वीकारली.

दुपारी बाईंनी स्वतः डाव्या अर्ध्याच्या जुन्या काचा परत काढल्या. आठवणींचा भाग दोन्ही वेळा स्वच्छ आहे म्हणाल्या. म्हणजे काय ते नीट वाच: बाबा तुला विसरले नव्हते. फोनवर तुझा आवाज ऐकून त्यांना तू कळत होतीस, तुला काय सांगायचं तेही कळत होतं. फक्त ते बाहेर काढणारी जागा मेली होती. राग बिग काही नव्हता गं. आजार होता. काचेवर आहे, रंगासकट आहे, कुणीही येऊन बघावं!

सुधारलेला अहवाल सोबत जोडलाय. आणि आजपासून आमच्या फॉर्मवर 'हात' या रकान्याखाली पाच प्रश्न आलेत. करवत कुठल्या हाताने, सुई कुठल्या हाताने, चप्पल कुठल्या हाताने. चप्पल हा प्रश्न मी घालायला लावला. बाई जुन्या फाइलीही उघडणार आहेत. न जुळलेल्या आणखी नऊ आहेत.

आता खरं सांगते. इथपर्यंत आनंदात आणलं तुला, कारण पुढचं लिहायला मला धीर हवा होता.

सहा वर्षांपूर्वी तू फोन केला होतास, चार दिवस सुट्टी काढून येते म्हणून. मी तुला सांगितलं, "बाबा नको म्हणतात." त्यानंतर तू आली नाहीस. दोन वर्षांनी बाबा गेल्यावरच आलीस. त्यांचं वर्कशॉप सोडून फर्निचरच्या कारखान्यात गेलीस म्हणून ते चिडले आहेत, असं तू समजलीस आणि मी समजू दिलं.

झालं होतं असं. मी फोनवर हात ठेवून विचारलं, "बाबा, ताई येते म्हणतेय." ते उठून उभे राहिले. तोंड हललं, मान हलली, आणि "ति... तिला... नको..." एवढं आलं. पुढे काहीतरी होतं, ते हाताने हवेत शोधत होते. आणि मी, नेहमीसारखी, म्हटलं, "तिला यायला नको म्हणू?" त्यांनी मान डोलावली.

तुला कळतंय का? घरात आम्ही दोघी त्यांची सगळी वाक्यं पुरी करायचो. ते 'ते...' म्हणाले की आई 'चष्मा ना? हा घ्या'. ते 'उद्या...' म्हणाले की मी 'हो, बिल भरते'. वर्षानुवर्षं. म्हणून आम्हाला आजार तेव्हा दिसलाच नाही. त्यांच्यावर एक वाक्य पुरं करायची आम्ही कधी पाळीच येऊ दिली नाही. तू लांब होतीस, फोनवर. तुझ्याशी बोलताना त्यांच्या मदतीला कुणी नसायचं. तू एकटीने ते रिकामेपण ऐकलंस. सगळ्यांच्या आधी आजार तुला भेटला, ताई. तू त्याला राग म्हणालीस, पण भेटला तुलाच.

आणि ती मान. त्याच महिन्यात चहात साखर हवी का विचारलं की मान डोलवायचे आणि कप ढकलून द्यायचे. हो म्हणायचं तिथे नाही, नाही म्हणायचं तिथे हो. मी चहाच्या वेळी हसायचे. तुझ्या वेळी मात्र ती मान खरी धरली. मला सोयीचंही होतं ते. तू आलीस की बाबा तुझेच व्हायचे, दोघं वर्कशॉपमध्ये, मी दाराबाहेर शिंकत. घे, हेही सांगून टाकलं.

तुझी दोन वर्षं मी घालवली. बाबांचीही. आता माफी मागते.

धाकटी

२९ मार्च

ताई,

'मला बघायचंय.' बस्स? माझ्यावर ओरडली नाहीस, काही नाही? मला तुझं ओरडणं परवडलं असतं गं.

बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत. बाईंना विचारलं. म्हणाल्या, "वाइसवाली ना? तिला कोण अडवणार?" शनिवारी अकराला ये. मागच्या दाराने, पुढे पहारेकऱ्याला सगळ्या जगाची चौकशी करायची असते. बंद बूट घाल. फॉर्मेलिनचा वास डोळ्यांत जातो, तेव्हा रडू आलं तरी कुणाला कळणार नाही, ही सोय आहे.

धाकटी

१४ एप्रिल

ताई,

तू पोचल्याचा फोन आला, आपण तासभर बोललो, तरी पत्र लिहितेय. कारण शनिवारचं सगळं तुला माहीत नाही. तुझे डोळे भिंगाला लागलेले होते. मागे काय झालं ते मी बघितलं.

तू बसलीस. मी काच लावली, फिरवून नेमकी जागा समोर आणली आणि सांगितलं, हे निळं म्हणजे पेशी आणि हे तपकिरी गुंते म्हणजे टाऊ, हेच भरलंय सगळीकडे. तू म्हणालीस, "इतकं?" मी म्हटलं, "हो." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि घाबरून मागे घेतला. तुला तो हात माहीत नाही.

आणि मग तू बोललीस. माझ्याशी नाही. भिंगात डोळे तसेच ठेवून, आपल्या वर्कशॉपमध्ये यंत्राच्या वरताण ओरडायचीस त्या आवाजात:

"अहो बाबा, काय हे! इतका त्रास होता, तर सांगायचं नाही का एकदा तरी?"

आपण काय बोललो ते तुझं तुला कळलं, आणि तू हसायला लागलीस. मी हसायला लागले. हसता हसता तुझ्या डोळ्यांतून पाणी भिंगावर पडायला लागलं, तेव्हाही तू थांबली नाहीस. कारखान्यातलं नवं यंत्र, त्याला लाकूड कसं कळत नाही, तुझ्या हाताखालची पोरं रंधा कसा धरतात, सगळं सांगत सुटलीस त्यांना. प्लायवूडवरून भांडलीससुद्धा.

एवढ्या आवाजाने सगळा विभाग दाराशी जमला होता. आमच्याकडे कुजबुजायचीही चोरी असते. वाचावाल्यांनी हळूच बाईंना विचारलं, "जरा आवाज कमी करायला सांगू का तिला?"

बाई रुमालाने चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "खबरदार. कुणी मध्ये बोलायचं नाही. तिचं वाक्य तिला पुरं करू दे."

तुझी,
धाकटी